मालन बोलेपर्यंत

२५ जुलै २०२५, शुक्रवार

समोरचा जयवंत गेला. काल संध्याकाळी. खुर्चीत, टीव्हीसमोर, बातम्या चालू असताना!

आमची दारं समोरासमोर, आणि दिवसभर दोन्ही सताड उघडी. त्यामुळे मला माझ्या घरात ऐकू आलं. मालन स्वयंपाकघरातून विचारत होती, "अहो, चहात साखर घालू काय?" डॉक्टरने साखर बंद केलेली. ती रोज विचारणार, तो रोज "अर्धा चमचा" म्हणणार. लग्न झाल्यापासून दुसरं भांडण नाही दोघांचं. काल उत्तर आलं नाही. तिने परत विचारलं. मग कपबशी फुटल्याचा आवाज.

तेव्हापासून मालन बोललेली नाही. एक अक्षर नाही. रडलेलीही नाही. भिंतीला टेकून बसली आहे आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे बघते आहे.

नणंद पुतळाबाई दहिसरहून आली आणि तिने घराचा ताबा घेतला. सकाळपासून नुसता गलका! "रड गो मालन, मोकळी हो." एक म्हणते, "नशीबवान, त्रास न होता गेला." दुसरी म्हणते, "आता मुलाकडे बघ." अरे, माणूस गेलाय! ती काय निवडणूक हरली आहे, असा धीर द्यायला?

मी खाली तिच्याजवळ बसले आणि गप्प राहिले. आम्हां ज्यूंमध्ये तसंच असतं. समाचाराला जायचं, जमिनीवर बसायचं, आणि ज्याचं माणूस गेलं तो स्वतःहून बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. तासभर नाही बोलला तर तासभर बसायचं. आईच्या वेळी पप्पांनी आम्हां दोघी बहिणींना हे दटावून सांगितलं होतं. माझी हालत काय झाली असेल! जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलून पोट भरलं मी. कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नाडेट म्हणायची, "मिल्का, तू झोपेत तरी गप्प असतेस का?" पण बसले. दातांवर दात दाबून.

पुतळाबाई आतून म्हणाली, मला ऐकू जाईल अशा बेताने, "ही बाई समाचाराला आली का धरणं धरायला?"

आणि वर माझीच फजिती! आमच्यात दुःखाच्या घरी पहिलं जेवण त्या घरचं नसतं, शेजाऱ्याने न्यायचं असतं. भात, आणि उकडलेली अंडी. अंडं गोल, त्याला तोंड नाही, आणि दुःखी माणसालाही बोलायला तोंड नसतं, असं आमची आजी सांगायची. तर मी चार अंडी उकडून, ताटलीत झाकून घेऊन गेले. झाकण काढलं मात्र, पुतळाबाई किंचाळलीच — "श्रावण लागला आज! अंडी काय आणलीत मिल्काताई!"

तीस वर्षं या बिल्डिंगमध्ये राहतेय. श्रावण मला ठाऊक नाही? पण हाताला ठाऊक नव्हतं. हात सरळ अंड्यांकडे गेला. ताटली उचलून परत आले. चारही अंडी मीच खाल्ली, रागारागाने.

२७ जुलै, रविवार

आता हा योनाथन!

वय सव्वीस. यरुशलेमला शिकून आला आणि आमच्या प्रार्थनेच्या हॉलचा सेक्रेटरी झाला. चांगला मुलगा, आवाज गोड, दाढी विरळ. आज सगळ्यांना मेसेज — यंदा आव महिन्याच्या नववीच्या उपासाआधीचं एकत्र जेवण बंद. प्रत्येकाने आपापल्या घरी, एकट्याने, जमिनीवर बसून, एक अंडं राखेत बुडवून खावं. मग हॉलमध्ये विलापाच्या पोथीचं वाचन ऐकायला यावं.

राखेत! बुडवून!

फोन लावला. "काय रे, बिरडं कुठे गेलं?"

"आंटी, बिरडं कुठेच लिहिलेलं नाहीये."

"तुझ्या आजीच्या बोटांवर लिहिलं होतं! नखं पिवळी व्हायची तिची वाल सोलून!"

"आंटी, दुःखाचा दिवस आहे. पंगत कसली?"

इथे लिहूनच ठेवते, म्हणजे मी मेल्यावर कुणी म्हणायला नको की असं काही नव्हतंच. यरुशलेमचं मंदिर पडलं तो हा दिवस. एकदा नाही, दोनदा पडलं, आणि दोन्ही वेळा म्हणे याच तिथीला. त्याआधीचे तीन आठवडे दुःखाचे. आव महिना लागला की मटण-मच्छी बंद, आणि नववीला कडकडीत उपास. जगभरचे ज्यू याला हिब्रू नावाने ओळखतात. आम्ही कोकणातले बेने इस्राएल. आमच्या म्हाताऱ्या याला म्हणायच्या बिरड्याचा रोजा! उपास लागण्याआधी सगळ्यांनी खाली बसायचं, केळीचं पान, भात आणि मोडाच्या वालांचं बिरडं. पुस्तकं नव्हती, शिकवायला कुणी नव्हतं, अर्ध्या गोष्टी विसरल्या होत्या. पण वाल भिजवायचे दिवस आले हे त्या विसरल्या नाहीत. आणि हा मला विचारतो, कुठे लिहिलंय!

श्रावण आणि आमचे हे नऊ दिवस यंदा एका दिवसाच्या अंतराने लागले. खालची मासेवाली म्हणाली, "तुम्ही पण सोडलंत मावशी? मग मी काय, देवळात बसू?"

२८ जुलै, सोमवार

मालनकडे दोन तास. ती गप्प. मी गप्प. पुतळाबाई आम्हां दोघींच्या वाटचं बोलली.

मालनचा मुलगा नितेश जिन्यात भेटला. पोराचे डोळे सुजलेत. "मिल्कामावशी, तेरावं झालं की आईला पुण्याला घेऊन जातो माझ्याकडे. डॉक्टरला दाखवतो. हे घर बंद करतो."

"तिला विचारलंस?"

"काय विचारू? ती बोलतच नाही."

हे घर बंद! समोरचं दार बंद! मला तर कल्पनाच करवेना. आणि मालन पुण्याला, त्या बाविसाव्या मजल्यावर, सून ऑफिसात, दिवसभर एकटी! तिथे ती जन्मात बोलायची नाही. माणसाने साधी साखर विचारली आणि उत्तर आलं नाही. त्यानंतर कुणाला काही विचारायची हिंमत कुठून आणायची?

तेराव्याच्या आत तिने बोललं पाहिजे. एवढंच. पण आधी मी बोलायचं नाही. काय पेच आहे!

२९ जुलै, मंगळवार

सिपोराचा फोन, इस्रायलमधल्या अश्दोदहून. माझी थोरली बहीण. छातीत मशीन बसवल्यापासून तिचा आवाज दुप्पट झालाय. योनाथनचा मेसेज वाचून दाखवला. मला वाटलं, माझ्यासारखीच भडकेल. ती हसायला लागली.

"मिल्के, कॅलेंडर बघ गं गाढवे! उपास लागतो कधी?"

"शनिवारी संध्याकाळी."

"मग त्याच्या आधीचं जेवण कधी?"

"शनिवारीच."

"शनिवार म्हणजे काय?"

शब्बाथ! शब्बाथला दुःख दाखवायचं नसतं! राख नाही, एकट्याने बसणं नाही, नुसतं अंडं नाही. पोटभर जेवायचं, चारचौघांत बसून. हे मात्र लिहिलेलं आहे! योनाथनच्याच पुस्तकांत!

सिपोरा म्हणाली, "पंगत बसव. आणि मला फोटो पाठव. म्हणजे शनिवारचा नको, शुक्रवारी पातेल्याचा काढ."

लगेच योनाथनला लावला. तीन वाक्यांत पाडला!  मग म्हणतो, "आंटी... बरोबर आहे. माझ्या लक्षातच आलं नाही." आणि हसला. हरल्यावर हसता येतं त्याला, म्हणजे पोरगा सुधारेल. मग त्याचं सुरू — "पण आंटी, शब्बाथला पेटवता येणार नाही. सोलणं-निवडणं पण चालणार नाही. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत सगळं—"

"तू मला सांगतोस?"

जिंकले! जिंकले! घरभर फेऱ्या मारल्या. मालनला सांगायला तिच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यावर आठवलं, बोलायचं नाही. तशीच आत जाऊन बसले. 

३० जुलै, बुधवार

वाल भिजवले. चाळीस माणसांचे.

दर वर्षी वाल जयवंत आणायचा. मार्केटाच्या मागे अलिबागची एक बाई बसते, तिच्याकडचे बारीक कडवे वाल. माझ्यासाठी म्हणून वेगळे काढून ठेवायला सांगायचा. केळीची पानंही तोच कापायचा, सोसायटीच्या मागच्या झाडांची. आणि सोलायला मालन. दोघी समोरासमोर बसलो की मी दहा सोलीपर्यंत तिचे तीस होतात. यंदा ती बाई मला सापडली नाही. दोनदा जाऊन आले. शेवटी मॉलमध्ये पाकिटं मिळाली, ती उचलली.

पुतळाबाईने जिन्यातच गाठून बजावलं — "यंदा मालनला वाल-बिल सोलायला बोलवू नका हां. सुतक आहे आम्हाला. तिच्या हाताचं कोण खाणार?"

३१ जुलै, गुरुवार

मोड डोकावले! फडकं दर तासाला उघडून बघते. असं करू नये, माहीत आहे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

 सूर्यास्ताला अजून थोडा वेळ आहे, तेवढ्यात लिहून काढते.

सकाळी वाल कोमट पाण्यात घालून सोलायला बसले. एकटी. तासाभरात परडीचा तळही झाकला नाही. चिमटीत धरला की वाल साल सोडून बुळकन निसटायला हवा, ते माझ्या बोटांना कधी जमलंच नाही. समोर बघितलं. दार उघडं. मालन भिंतीला टेकलेली, डोळे खुर्चीवर.

मी काही ठरवलं नव्हतं. परमेश्वराची शपथ, नव्हतं. पातेलं उचललं, परडी उचलली आणि समोर गेले. तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं आणि सोलायला लागले.

पुतळाबाई धावत आली. "अहो मिल्काताई! सुतकाच्या घरात अन्न घेऊन आलात? आता ते खाणार कोण?"

मालनशी बोलायचं नव्हतं. पुतळाबाईशी बोलायला बंदी नव्हती! "आम्ही खाणार! आमच्यात सुतक नसतं. दुःखाच्या घराला आम्ही विटाळ मानत नाही. उद्या आमचं सगळ्यांचंच दुःखाचं घर आहे. तुम्हाला सोलायचं असेल तर बसा, नसेल तर पंखा कमी करा, सालं उडताहेत."

गेली आत. भांडी आपटल्याचे आवाज. नितेश दारात उभा होता, तो खुदकन हसला. आठवड्यात पहिल्यांदा.

मी सोलत राहिले. वाईट सोलत होते. अर्धे वाल तुटत होते. मालन आता खुर्चीकडे बघत नव्हती, माझ्या बोटांकडे बघत होती. किती वेळ, कोण जाणे. मग तिचा हात आला. एक वाल उचलला. चिमटीत धरला. बुळकन! परडीत. दुसरा. तिसरा. डोळे मिटून सोलते तशी. मी मान वर केली नाही. वर बघितलं असतं तर तोंडातून काहीतरी निसटलंच असतं.

एक वाल तिने परडीत टाकला नाही. तोंडात टाकला. चावला. थांबली.

आणि म्हणाली — "हे गोडे वाल खंयसून हाडलंस गो?"

आवाज खरखरीत, कधीपासून बंद असलेल्या रेडिओसारखा. पण प्रश्न! मालनने प्रश्न विचारला! मी ताबडतोब उत्तर दिलं, इतक्या ताबडतोब की ओरडलेच — "मॉलमधून!"

"मॉलातून?" काय तो तुच्छतेचा सूर! "बिरड्याक कडवे लागतत."

"माहीत आहे गं. मिळाले नाहीत."

"कडवे ते हाडीत," मालन म्हणाली. जयवंत आणायचा. आणि मग ती रडली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, वालाचे हात तसेच, सगळं अंग हलवून रडली. नितेश खाली बसला तिच्यापाशी. पुतळाबाईसुद्धा आतून येऊन पदर तोंडाला लावून उभी राहिली. आता कुणीच "रड गो" म्हणालं नाही!

मग डोळे पुसून मालनने उरलेले सगळे सोलले. मला हात लावू दिला नाही. निघताना मागून हाक — "ओलो नारळ घालू नको. उद्यापर्यंत आंबतला. सुक्या खोबऱ्याचा वाटप घाल, खरपूस भाजून."

घातलं. भाजून. पातेल्याचा फोटो सिपोराला पाठवला. तिचं उत्तर — "रंग फिका." जळते मेली! उद्यापर्यंत गरम राहावं म्हणून मंद गॅसवर तवा, तव्यावर पातेलं. शब्बाथचे दिवे लावायची वेळ झाली. पुरे.

३ ऑगस्ट, रविवार, उपास सोडल्यावर

काय पंगत झाली!

पानं नितेशने कापली. मी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी दाराशी भारा आणून ठेवला आणि म्हणाला, "पप्पांची कात्री मोडली होती. नवी आणली." चाळीस पानं. बाप कापायचा तशीच, टोकं शाबूत ठेवून.

योनाथनने तीनदा बिरडं घेतलं. तिसऱ्यांदा वाढताना विचारलं, "कुठे लिहिलंय रे?" तोंड भरलेलं होतं त्याचं. हाताने पानाकडे बोट दाखवलं.

सूर्य मावळायच्या आत पानं उचलली. मग शब्बाथ संपला आणि सगळं बदललं. चपला काढल्या, दिवे मालवले, एक-दोन मेणबत्त्या, सगळे जमिनीवर. या दिवशी एकमेकांना नमस्कारसुद्धा करायचा नाही, कुणी कुणाला शालोम म्हणायचं नाही. उशिरा आलेल्या एका म्हाताऱ्यांना योनाथन स्वतःच म्हणून बसला, "शालोम अंकल!" आणि जीभ चावली. मी अंधारात हसले. देवा, क्षमा कर.

मग त्याने विलाप वाचायला घेतला. आवाज खरंच गोड आहे. ओस पडलेलं शहर, विधवेसारखं एकटं बसलेलं. दर वर्षी ऐकते. दर वर्षी माझं लक्ष पंख्याकडे जातं. काल नाही गेलं. दोन हजार वर्षांपूर्वी पडलेल्या मंदिरासाठी बसले होते आणि रडले जयवंतसाठी. अर्ध्या चमच्यासाठी. मला वाटतं, हा दिवस त्यासाठीच ठेवला असावा. रडायला जागा मिळावी म्हणून. कुणाचं काय पडलं, ते ज्याचं त्याने बघावं.

५ ऑगस्ट, मंगळवार

तेरावं झालं. जेवणं उरकली. नितेश बॅगेचं बोलायला लागला. मालन उठली आणि जयवंतच्या खुर्चीत जाऊन बसली! सगळे बघतच राहिले.

"मी खंय जावचंय नाय."

"आई, इथे एकटी—"

"समोर ही असा." म्हणजे मी! "ही गप बसता तेवाच काय ता एकटा वाटता."

नितेशने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

संध्याकाळी दोघीच होतो. मालनने विचारलं, "इतके दिस तू गप कित्या बसलंस? माका वाटला, रागावलंस माझ्यार." तेव्हा सगळं सांगितलं. दुःख ज्याचं तो आधी बोलणार. शेजारी नुसता बसणार. पहिलं जेवण शेजारचं, भात आणि अंडी. त्या अंड्यांचं सांगताना ती हसली, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आणि मी बोललंयच नसतंय तर?"

"तर मी बसलेच असते."

"तू?" मालन म्हणाली. "फुटलं असतंस."

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या सांत्वनाचा शब्बाथ! रोज्यानंतरचा पहिला. आता थेट नव्याच्या सणापर्यंत, म्हणजे आमच्या नव्या वर्षापर्यंत, दर शनिवारी सांत्वनाचंच वाचन, सात शनिवार. योनाथन म्हणाला, "आंटी, उद्यासाठी काहीतरी गोड करा ना." आता आंटी आठवली! नारळीपौर्णिमाही उद्याच आहे. मालनच्या घरी वर्षभर सण नाही, म्हणून मी नारळाच्या दुधातला हलवा केला आणि तिच्या वाटचा झाकून ठेवला. सण माझा आहे, तिला खायला काय हरकत?

सिपोराशी तासभर फोन. तिला सगळी हकिकत हवी होती, पुतळाबाईच्या आवाजासकट. मी पुतळाबाई करून दाखवली. हसता हसता तिला ठसका लागला. म्हणाली, "बघ मिल्के, दुःखाला तीन आठवडे आणि सांत्वनाला सात. आपल्या लोकांना माहीत होतं, कशाला जास्त वेळ लागतो." मग आलीच मूळ पदावर — "नव्याच्या सणाला ये. तिकीट काढ."

"बघते."

"बघते काय बघते! मला बिरडं खायचंय, तुझ्या हातचं. कडवे वाल आण."

"आणि तू फिका रंग म्हणणार!"

"म्हणणारच! चल, दिवे लावायचेत मला. बाकीचं रविवारी भांडू."

१० ऑगस्ट, रविवार

सिपोरा गेली. काल, शब्बाथच्या दुपारी, झोपेत. तिच्या मुलाने शब्बाथ संपल्यावर कळवलं.

आरसा झाकला. खाली बसले.

दार उघडंच होतं. मालन आली. हातात झाकलेलं ताट. भात, आणि चार उकडलेली अंडी. श्रावणात! मालनच्या चुलीवर!

ताट माझ्यापुढे ठेवून ती जमिनीवर बसली आहे. मघापासून. मी लिहिते आहे आणि ती माझ्या हाताकडे बघते आहे. एक शब्द नाही.

नियम मीच शिकवला तिला. आता मलाच काहीतरी बोलावं लागणार.